एप्रिलचे एकतीस दिवस

बँकेच्या कर्जविभागात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, कधीकधी तोंडावरही. बावीस वर्षं तिचं काम एकच. कर्ज मागणाऱ्याने लिहिलेली मिळकत खरी की फुगवलेली, ते बघायचं.

“बाई, घरी साहेबांचा पगारही असाच तपासता का?” शिपाई विचारी.

“छे, तो न तपासताच काढून घेते,” म्हणून ती पुढचा कागद उलटवत असे.

कागदात खोट असल्याचा वास आला तरी ती आवाज चढवत नसे. आधी कागद नीट वाचायचा, मग माणसाच्या कामाच्या जागी जायचं आणि सगळ्यात शेवटी त्याला बोलवायचं, हा तिचा क्रम.

त्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची फाईल आली. दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. तीन महिन्यांची पगारपत्रकं, प्रत्येकात अडतीस हजार. एप्रिलच्या पत्रकात हजर दिवस एकतीस. मार्चचं पत्रक समोर ठेवून कोणीतरी महिन्याचं नाव तेवढं बदललं होतं.

तो कामाला होता त्या लिफ्टच्या कारखान्यात ती गेली. जिन्याखालच्या खोलीतल्या हिशेबनिसाने रजिस्टर उघडून दाखवलं. “पगार चोवीस हजार. अडतीस तर मलाही नाहीत हो. कुठे मिळत असतील तर सांगा, उद्या जातो.”

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. नखांत ग्रीस, अंगात धुतलेला शर्ट. तिने फाईल मिटूनच ठेवली.

“महिन्याला हातात किती येतात?”

“चोवीस हजार. ओव्हरटाइम झाला तर पंचवीस.”

खोटं ठरवून आलेला माणूस अडतीस म्हणाला असता. तिने पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. बोट ठेवून त्याने आकडा वाचला आणि त्याचे कान लाल झाले.

“हे माझं नाही.”

“अर्जावर सही तुमची आहे.”

“कोऱ्या अर्जावर केली होती. मेहुणा लोकांना कर्ज मिळवून द्यायचीच कामं करतो. म्हणाला, दाजी, तुम्ही फक्त सही करा, बाकी माझ्यावर सोडा.”

“पत्रकं बनावट आहेत हे मला लिहावंच लागेल,” ती म्हणाली. “ती कोणी दिली, याचा जबाब तुमच्या हातचा हवा. नाही दिलात, तर तुम्हीच केली असं धरतात. मग कुठलीच बँक दारात उभं करत नाही.”

“आणि दिला तर?”

“हे कर्ज तरीही मिळायचं नाही. पण चौकशीत तुमची बाजू राहील. त्याची मात्र धडगत नाही.”

“बायकोचा एकुलता भाऊ आहे हो.”

उगाच धीर देण्याची तिला सवय नव्हती. कोरा कागद आणि पेन तिने त्याच्यापुढे ठेवलं आणि दुसरी फाईल ओढली.

तो बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसला. मग एकदाचा लिहायला लागला. मेहुण्याचं पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, खाली सही केली.

“याची एक प्रत मिळेल?”

“कशाला?”

“आज घरी गेल्या गेल्या बायकोला दाखवतो. भाऊ आधी पोचला तर खोटा मीच ठरेन.”

शिपाई मोकळाच बसला होता. तरी तो कागद त्याच्या हाती न देता प्रत काढायला ती स्वतः उठली.