पाण्याआडचा उजेड

हिंगोलीच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे, तेव्हा विभागात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. पीएच.डी.चे मार्गदर्शक दूरच्या विद्यापीठात. महिन्याकाठी त्यांचं एखादं पत्र यायचं.

विषय होता द्रवस्फटिक. कॅल्क्युलेटरच्या आकड्यांमागे असतं तसलं, ना धड पातळ ना धड घट्ट. वीज वाहणाऱ्या दोन काचांमध्ये त्याचा थर भरायचा, त्यावर उजेड पाडायचा आणि किती वीज उठते ते मोजायचं. सामानाच्या खोलीच्या खिडकीला मी काळं कापड ठोकलं होतं. दुपारी तास संपले की तिथंच बसायचे. दिवा लावला की मीटरचा काटा उडायचा. दोन वर्षं मी त्याच्या नोंदी केल्या. सांगायला कुणी नव्हतं.

मग सरांचं पत्र आलं : ‘हे उजेडामुळे होतं की दिव्याच्या उष्णतेमुळे? मध्ये पाणी ठेवून पाहा.’ पाणी उष्णता बरीचशी अडवतं, उजेड जाऊ देतं.

चपट्या काचपेटीत पाणी भरून दिव्यापुढे ठेवलं. काटा हललाच नाही. तारा तपासल्या, पेटी पुसली. तरी नाही. पेटी काढली, तर काटा उडाला.

त्याच आठवड्यात पुसेगावहून माय आली. “काहून गप हाईस? तब्येत बराबर न्हाई का?”

मी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगण्याची ती पहिलीच वेळ. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पाणी बदलून पाहिलं का?”

“पाहिलं.”

“चल, मला दाव.”

अंधाऱ्या खोलीत ती दिव्यासमोर उभी राहिली. काचांच्या जागी तिनं आधी नुसताच तळहात धरला, मग मध्ये पाण्याची पेटी ठेवून पुन्हा धरला. “इथं चटका बसते. पाण्यामागं न्हाई.”

मला हसू आलं आणि रडूही. दोन वर्षांत मी तिथं एकदाही हात धरून पाहिला नव्हता.

“आता गं?” तिनं विचारलं.

“सरांना लिहावं लागेल. माझं चुकलं म्हणून.”

“मंग लिही. मी जाते दुपारच्या यष्टीनं.”

तिला डेपोवर सोडून आले आणि पत्र लिहिलं. सरांनी विषय बदलून दिला : उष्णतेनं द्रवस्फटिकात उठणारी वीज. जुन्या नोंदी निम्म्याअधिक कामी आल्या. आणखी तीन वर्षं त्याच खोलीत गेली आणि पदवी मिळाली.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं, चहा झाला. काय सापडलं, ते कुणी विचारलं नाही. मी सोप्या शब्दांत सांगायची तयारी करून गेले होते.