डिस्क काढली, तरी यादी छापली गेली

मंडळी, कॉम्प्युटर सेंटरच्या टर्मिनलवर हे लिहिताना अजून हसू येतंय.

आज माझ्या नव्या रूटीनची, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमना फाइल शोधून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, परीक्षा होती. प्रोग्रॅमने फक्त फाइलचं नाव सांगायचं. ती डिस्कवर आहे की टेपवर, ते रूटीनने शोधायचं. फसलं, तर फाइलची जागा बदलली की दरवेळी सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे.

परीक्षेसाठी डिस्क आणि टेप दोन्हींवर ठेवलेली कोराडी कॉलनीतल्या घरांची यादी छापून आली. बाबांनी घरी शिकवताना लावलेली सवय, म्हणून पट्टी धरून ओळ न ओळ तपासली. बरोबर! मग ऑपरेटर वानखेडेकाकांना भीतभीत विचारलं, "आता डिस्क काढून टेप लावायची?"

"काहून भिऊन राहिली वं पोरी? डिस्क तर मी सकाळीच काढली. हे टेपवरूनच छापलं!"

मलाच कळलं नाही, तर प्रोग्रॅमला काय कळणार!

सांगा, आधी कोणाचा प्रोग्रॅम या रूटीनवर आणू?