बगळीचे डोळे

पेणजवळच्या आमच्या जोह्यात गणपतीचे कारखाने पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी म्हटली की लोक कमळाकरकाकांचंच नाव घेतात. माणूस एरवी घाबरट. एसटीच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा, गॅस बंद केला का ते बघायला पेणला जाताना अर्ध्या वाटेत उतरून परत येणारा. फक्त हातात ब्रश असला की भीती जायची. या वर्षी पिक्चर आला आणि तीही सोय गेली.

पिक्चर काकांच्या लेकीचा, भूमिकाचा. म्हणजे ती पुण्यात ज्या कंपनीत चित्रं काढते त्या कंपनीचा, पण काका गावभर तिचाच म्हणून सांगायचे. कार्टूनचा, तासाभराचा, मोबाईलवर फुकट. गोष्ट मूळची जपानची. एक गरीब माणूस फासात अडकलेल्या बगळीला सोडवतो. मग एक अनोळखी बाई दारात येते, त्याची बायको होते. ती खोलीचं दार लावून शेला विणते आणि बजावते, मी विणत असताना आत बघायचं नाही. शेला बाजारात खपतो, दुसरा खपतो, आणि एक दिवस हा न राहवून डोकावतो. आत बगळी बसलेली, स्वतःचीच पिसं उपटून विणणारी. गुपित फुटलं म्हणून ती उडून जाते.

कंपनीने ही गोष्ट उचलून आपल्या खाडीवर आणली, मिठागरासकट. त्या बाईचा चेहरा आणि डोळे भूमिकाने काढले. तिची नोकरी अजून कच्ची होती. लोकांना पिक्चर कसा वाटतो ते बघून तिला ठेवायचं की नाही ते ठरवू, असं साहेबांनी सांगितलेलं. हे तिने बापाला सांगायला नको होतं. सांगितलं ते सांगितलं, आणि वर म्हणाली, "बाबा, खाली लोक काय लिहितात ते वाचू नको हां. तुला झोप लागायची नाय."

मी काकांच्या हाताखाली काम करतो त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून पिक्चर बघितला. आमच्याकडे पितांबरं रंगवणाऱ्या ठमाबाईंनी डबा बंद करता करता निकाल दिला.

"बाई चांगली. नवरा मेला चोंबडा. बघू नको सांगितलंय ना, मग बघू नको."

"अगो, आत ती मरत होती," काका म्हणाले. "बघितलं नसतं तर?"

"मरत नव्हती. काम करत होती."

काकांचा मोबाईल काही खिशात गेला नाही. त्या दिवसापासून एक मूर्ती आखायची, हात पुसायचे आणि खालची मतं वाचायची, असं सुरू झालं.

बरीचशी मतं चांगली होती. कुणा वासिफने दुबईहून लिहिलं होतं की खाडी बघून घर आठवलं. एका बाईने लिहिलं, लेक रडली, पैसे वसूल. पिक्चर फुकट होता, पण भावना पोचली. एकाला प्रश्न पडला होता की जपानी गोष्टीत वाळत घातलेले पोह्याचे पापड कुठून आले. काका हे सगळं भराभर वर सरकवायचे आणि एकाच जागी येऊन थांबायचे. रोह्याच्या मिथुन नावाच्या माणसाने लिहिलं होतं, "बाईचे डोळे मेल्यासारखे. बाकी ठीक."

आता मूर्तीच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक डोळ्यांबद्दल बोललं तर वाद घालायचा नाही. मूर्ती परत घ्यायची आणि चतुर्थीच्या आत नवे डोळे आखून द्यायचे. काकांनी मोबाईलमध्ये बोलून उत्तर टाकलं: "आपली तक्रार पोचली. चूक आमची. डोळे पुन्हा आखून देऊ. कमळाकर, जोहे."

लोकांना वाटलं, कंपनीचाच कुणी बोलतोय. "बघा, बनवणाऱ्यांनीच कबूल केलं," असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, आमच्या हिचेही आखून मिळतील काय. मिथुनने उत्तर दिलं, "या की रोह्याला, धाटाव नाक्यावर." पिक्चरला मिळाले नसतील एवढे अंगठे काकांच्या चुकीला मिळाले.

संध्याकाळी भूमिकाचा फोन आला. "बाबा, ते तू लिहिलंस?" एवढंच विचारलं, आणि साहेबांनी सोमवारी बोलावल्याचं सांगून फोन ठेवला.

"ओरडली काय?" मी विचारलं.

"ओरडली असती तर बरं झालं असतं रे."

काकांचं उत्तर मी लगेच काढून टाकलं. पण मिथुनचं मत तिथंच होतं, आणि त्याखाली काकांच्या नावाने चाललेली मस्करीही. मिथुनने आपलं मत काढलं, तरच त्याखालचं सगळं जाणार होतं. मग मी त्याला मेसेज टाकून भेटायची वेळ ठरवली आणि काकांना बाईकवर घेऊन रोह्याला गेलो. नागोठण्यापर्यंत ते मागून विचारत होते, शिव्या घालील काय. त्यापुढे विचारत होते, आलाच नाही तर काय.

मिथुन शिफ्ट सुटल्यावर ठरल्याप्रमाणे नाक्यावर आला. हातात हेल्मेट, डोळे तांबारलेले.

"डोळे आखायला आलात काय, काका?"

"ते लिहिलेलं काढ, बाबा. पोरीची नोकरी हाय."

"कुठल्या पोरीची?"

काकांनी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मी शिफ्टच्या बसमध्ये बघितला वो तो. तोही अर्धा. झोप लागली."

"मग डोळे मेल्यासारखे कशावरून?"

मिथुनने डोळे चोळले. "माझेच मिटत होते, काका."

त्याने आमच्यासमोर ते काढून टाकलं आणि चहा पाजला. निघताना काका म्हणाले, "पुरा बघ आणि मग लिही. चांगलंच लिही असं नाय सांगत." दोन पावलं गेले, वळले. "चांगलंच लिही."

रविवारी काकांचा हात चालेना. एका मूर्तीचा डावा डोळा आखला, तो भ्यालेला दिसायला लागला. पुसला. कारखान्यात बिनडोळ्यांच्या गणपतींची रांग वाढत गेली, आणि जोह्यात ऐन हंगामात असं होत नाही.

सोमवारी दुपारी फोन आला. काकांच्या हाताला रंग होता, म्हणून मी स्पीकर लावला.

"ठेवलं मला," भूमिका म्हणाली. काकांनी रंगलेले हात तसेच जोडले. मग ती म्हणाली, "फक्त पुढच्या पिक्चरात चेहरे नाय देणार. पाणी आणि आभाळ करायचं."

"डोळे काढून घेतले तुझ्याकडून?"

"हो."

"माझ्यामुळं?"

"नाय रे. त्यांचं आधीच ठरलं होतं." हे ती फार पटकन बोलली. "आता तरी वाचू नको, बाबा."

"नाय वाचत."

फोन बंद झाला. ठमाबाई एकाच पितांबराला पुन्हा पुन्हा काठ ओढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या नवऱ्याला उगाच बोलले मी. तो बिचारा एकदाच डोकावला होता."

काकांनी हात पुसले. मोबाईल माझ्या हातात ठेवला, ब्रश घेतला आणि रांगेतली पहिली मूर्ती पुढ्यात ओढली. उजवा डोळा झाला. चांगला झाला. डाव्याला हात लावायच्या आधी ते थांबले.

"मी नाय बघत," ते म्हणाले. "तू बघ. मिथुनने लिहिलं काय?"

मी बघितलं. लिहिलं नव्हतं.

"शिफ्टला असेल," मी म्हटलं.