चौथ्या ओळीचं निकेल

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींनी धुतलेल्या बाटलीत कुणी खोट काढली, की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या: बाटली आम्लात बुडवायची, शुद्ध पाण्यातून तीनदा काढायची, पालथी घालायची. रोपांच्या खोलीची किल्ली दोघींकडेच होती, एक तिथं संशोधन करणाऱ्या बाईंकडे आणि दुसरी मावशींच्या कमरेला.

त्या खोलीत बाई मातीशिवाय, बाटल्यांतल्या नुसत्या खतपाण्यावर जव वाढवत होत्या. पाण्यात सगळं होतं, फक्त निकेल नव्हतं. धातू झाडाला कशाला लागतो, हे मावशींनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. विचारल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

"पानात युरिया तयार होतो, तो फोडायला," बाई म्हणाल्या होत्या. "लागतं अगदी कणभर. पण तेवढंही नसलं, की युरिया शेंड्याला साचतो आणि पान तिथून जळत येतं."

तीन वर्षांत जवाच्या तीन पिढ्या झाल्या. तिसऱ्या पिढीचे दाणे ओल्या कागदावर ठेवले, तर दहांपैकी नऊ ओळींचे दाणे ढिम्म हलेनात. बाईंनी ते निकेलच्या पाण्यात भिजवूनही पाहिले. व्यर्थ! आईनं दाण्यात जे भरलं नाही, ते वरून पाजून भरून निघत नव्हतं. चौथ्या ओळीचे दाणे मात्र तरारून उगवले. तपासले, तर त्यांत निकेल सापडलं.

"हे आलं कुठून? बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?" बाईंनी विचारलं. "हे कळलं नाही, तर तीन वर्षांचं काम कुणी खरं मानणार नाही."

मावशींना तो घाव वर्मी बसला. दोन दिवस त्यांनी नळ, नळ्या, फळ्या, झाकणं सगळं उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी जेवताना पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि हात तिथंच थांबला. पेला स्टीलचा होता, आणि स्टीलमध्ये निकेल असतं.

चौथी ओळ पंख्याखाली होती, सगळ्यांत आधी सुकायची. उरलेलं खतपाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून मावशी ते याच पेल्यात रात्रभर झाकून ठेवत आणि सकाळी त्या ओळीला पाजत. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

गप्प राहिलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. बोललं, तर किल्ली गेली. मावशींना रडू आलं. पण त्याहून मोठा होता तो प्रश्न: एवढ्याशा पेल्यातून, खरंच?

त्यांनी पेला बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा लाल झाला.

"रोज घालत होतात?"

"रोज नाही. सुकलेली दिसली की."

"ओंबी भरतानासुद्धा?"

"तेव्हा तर जास्तच. भरल्या दिवसांची वाटायची हो."

बाई बराच वेळ वहीत लिहीत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला. मावशींनी कमरेची किल्ली सोडली आणि त्या तळहातावर ठेवली.

बाईंनी ती परत केली.

"किल्ली राहू द्या, मावशी. तुम्ही आला नसतात, तर मी सगळं टाकून देणार होते. आता ती ओळच पुरावा झाली: निकेल मिळालं, तीच उगवली." त्यांनी पेला उचलून कपाटात ठेवला. "हा मात्र आता माझा. उद्यापासून पाणी काचेच्या ग्लासातून प्यायचं."