रुमाल ते नऊवारी

तब्येत कशी, असं मीटरकाकांना विचारलं की ते कपड्यात उत्तर द्यायचे. "आज रुमाल," म्हणजे कंबरदुखी नेहमीइतकीच. "आज पायजमा," म्हणजे कळ पायात उतरली. सहावारी असली की दुपारी दुकानातच आडवे. गांधीबागेच्या कापडबाजारातल्या अस्तराच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून त्यांनी तीस वर्षं कापड मोजलं आणि त्यातली वीस कंबरदुखीसोबत काढली. हातात सदा तो लोखंडी मीटर, म्हणून मीटरकाका.

बारा वाजले की गिऱ्हाइकांसमोरच गादीवर उताणे पडून पाय वर करायचे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. कोणी हसलं तर खालूनच ओरडायचे, "हसा, पण तोवर रंग निवडून ठेवा!"

मी वाडीला राहते, घरीच ब्लाउज शिवते. अस्तरासाठी दर आठवड्याला त्यांच्याकडे जायचे. चार वर्षांपूर्वी माझी मान धरली ती सोडायचं नावच घेईना. डॉक्टरांनी सगळं तपासलं. धोक्याचं काही नाही, व्यायाम करा, दुखणं मात्र अधूनमधून राहील, म्हणाले. पण हे माझ्या डोक्याला कोण सांगणार? हाताला जरा मुंग्या आल्या की मी मनातच पुढचं सगळं बघून मोकळी! हात गेला, मशीन विकली, पोरीची शाळा सुटली. मग छातीत धडधड, घाम, श्वास पुरेना. शेवटी भीतीपायी मशीनवर चादर टाकली. महिनाभर एक टाका घातला नाही.

घरात पडलेलं अस्तर परत करायला म्हणून गांधीबागेत गेले आणि काकांच्या गादीसमोरच मला धाप लागली. गिऱ्हाइकं घाबरली. काकांनी शांतपणे मीटर उचलला.

"कुठून दुखून राहिलं? टोक धर."

"सगळीकडे, काका!"

"टोक नाही असं कापड मी पाहिलं नाही वं. दाखव."

मी मानेवर बोट ठेवलं. "आता कुठवर?" बोट चाचपत खांद्यापर्यंत आलं. पुढे दुखणं नव्हतंच. काकांनी खरोखर मीटर लावला.

"पाह्य, रुमालाएवढं दुखणं. अन् तू काहून नऊवारी नेसून राहिली?"

मला फिस्सकन हसू आलं. हसता हसता कळलं, श्वास नीट चालू आहे. अस्तर मात्र त्या माणसाने परत घेतलं नाही. "कापलेलं कापड आम्ही घेत नाही. जा, शिव," एवढंच म्हणाले. मी घरी जाऊन चादर काढली.

त्यानंतर मान काही बरी झाली नाही. पण दुखायला लागलं की मी आधी टोक शोधायला लागले. तेवढ्यात भीतीचा भर ओसरायचा. दर आठवड्याला काका विचारायचे, "आज किती?" आणि आम्ही दोघं आपापली मापं सांगायचो. बाकीच्यांना वाटायचं, खरेदीच चालली आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात भेटायला गेले तर आमचे मीटरकाका पलंगाचा कठडा घट्ट धरून पडले होते. मला बघून कसंनुसं म्हणाले, "मोजता येऊन नाही राहिलं वं. सगळीकडेच दुखून राहिलं."

मला रडू येत होतं. तरी त्यांचा हात धरला. "टोक नाही असं कापड नसते, काका. धरा."

 काकांनी बोट हळूहळू बरगडीवरून बेंबीपर्यंत नेलं.

"किती?"

"ब्लाउजपीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अस्तरासकट." आणि स्वतःच खुदकन हसले.

ऑपरेशननंतर ते घरी आले, पण गादीवर काही परतले नाहीत. दिवाळीआधी गेले. फोन आला तेव्हा मी मशीनवरच होते. सवयीने टोक शोधायला लागले. कुठून दुखतंय, कुठवर, काही हाती लागेना. मग मोजायचं सोडून दिलं आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा ब्लाउज द्यायचा होता. मशीनवर बसले. मान दुखत होती.

रुमाल.