आठ पायांची कोंबडी

तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या एका प्राथमिक शाळेत मी हेडमास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. शाळेसमोर नुकताच पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ उघडला होता, आणि घरोघरी केबल टीव्ही येत होता. रोज काहीतरी नवीन यायचं आणि आम्ही मान डोलवायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जी मान डोलवली तिला थोडा आधार लागणार आहे.

तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली एक मुलगी चित्रकला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती. वडील आमच्यासारखेच तंजावूरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथले; आई मात्र लग्न होऊन कोल्हापुराहून आलेली. त्यामुळे मुलीचं मराठी खणखणीत. तिचा शेवटचा सराव पाठ माझ्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर व्हायचा होता. तो पास झाला की जूनपासून गावातल्याच एका शाळेत तिची नोकरी ठरलेली होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती स्कूटरवरून पडली. पाय प्लॅस्टरमध्ये.

तिच्या कॉलेजच्या बाई कडक, पण नव्या विचारांच्या. त्या म्हणाल्या, ‘टेलिफोनवरून शिकव. सूचना तुझ्या असल्या पाहिजेत, चित्रं मुलांची. त्यावरून मी मार्क देईन.’

म्हणून तिसरीचा वर्ग पाट्या-खडू घेऊन नाही, तर कागद आणि रंगीत खडू घेऊन बूथच्या ओट्यावर बसला. मी आत रिसीव्हर धरून. माझे दोन सहकारी आणि बूथवाला मजा बघायला उभे.

‘काका, मी तमिळमध्ये सांगते. तुम्ही तसंच पुढे सांगा,’ ती म्हणाली.

इथे माझी छाती फुगली. मी मराठा राज्याच्या काळापासूनच्या घराण्यातला, हे मी शाळेत प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. ‘अगं, मराठीत सांग. आपली भाषा आहे.’

‘नक्की, काका?’

‘नक्की म्हणजे काय? आमच्या घरात मराठीच बोलतात.’

बोलत होतो, हे खरं. पण आमच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी उरली होती. स्वयंपाकघर, परसू आणि त्यातली जनावरं कधीच तमिळ झाली होती.

‘बरं. मुलांना सांगा, आज आपण कोळी काढायचा.’

तमिळमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात. त्यातला ळ खरं तर जीभ बरीच वळवून म्हणायचा असतो, पण एवढी जीभ वळवतो कोण? ‘कोळी ओरडली, उठा,’ हे वाक्य आमच्या घरात शुद्ध मराठी समजलं जायचं. जाळं विणणारा कोळी मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ती ‘काढायचा’ म्हणाली म्हणून मी कोंबडा समजलो, आणि मुलांना माझ्या पदरचा तुराही काढायला सांगितला.

‘त्याला आठ पाय काढा,’ फोनमधून आवाज आला.

‘आठ?’

‘आठ. प्रत्येक बाजूला चार.’

मी बाहेर डोकं काढून मुलांना तमिळमध्ये सांगितलं. एक मुलगी, जिच्या घरी कोंबड्या होत्या, उठून उभी राहिली. ‘अय्यो सार, दोनच पाय असतात!’

‘तुझ्या कोंबडीला दोन असतील. टीचर सांगतात तसं काढ.’

‘सार, अंडी कुठून देणार मग?’

‘खाली बस.’

‘काका, मुलं हसतायत का?’ फोनमधून तिनं विचारलं. तिला फार आनंद झाला होता. ‘त्यांना डोळेही आठ काढू द्या. अंगावर बारीक केस. तो जाळ्याच्या मधोमध बसलाय. आणि समोर एक माशी.’

जाळं म्हणजे खुराड्याची जाळी, आणि माशी तर कोंबडा खातोच. मला सगळं पटत गेलं. बूथवाला हळूच म्हणाला, ‘सार, ही कसली कोंबडी?’ मी मान डोलवत म्हटलं, ‘नवीन शिक्षणपद्धती आहे. कल्पनाशक्ती.’ सहकाऱ्यांनीही मान डोलवली.

चित्रं मी स्वतः कॉलेजात नेऊन दिली. दोन दिवसांनी बाईंनी दोघांनाही बोलावलं. ती कुबड्यांवर आली होती. टेबलावर तुरेवाले, केसाळ, आठ पायांचे कोंबडे पसरलेले.

‘ही म्हणते, हिनं एट्टुक्काल पूच्ची सांगितली होती,’ बाई मला म्हणाल्या.

एट्टुक्काल पूच्ची, म्हणजे आठ पायांचा किडा. तमिळमध्ये त्या प्राण्याचं नावच हे आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मानेवर घाम आला.

‘सार, हिनं तुम्हाला नेमका कोणता शब्द सांगितला?’

‘कोळी,’ मी म्हटलं. ‘माझ्या कानांनी ऐकलं.’

अक्षर न् अक्षर खरं. बाई तमिळ; त्यांना कोंबडीच ऐकू आली. त्यांनी तिला विचारलं, ‘हा शब्द म्हणालीस?’

‘हो, पण मराठीत...’

‘तिसरीची मुलं मराठी आहेत का?’

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘मराठीत सांग, असं मीच म्हणालो होतो,’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी पंख्याकडे बघत राहिलो.

ती त्या पाठात नापास झाली. जूनची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्या पायांवर उभं राहून पाठ दिला, पास झाली आणि दूरच्या गावी नोकरीला गेली. गल्लीतली पोरं बरीच वर्षं तिला ‘कोळी टीचर’ म्हणून चिडवत. मी निवृत्तीनंतर माझ्या लेकीकडे पुण्याला राहिलो आणि मराठी लिहायला शिकलो, तेव्हा भिंतीवरच्या कोळ्याकडे बघायची मला लाज वाटायची.

मागच्या महिन्यात मी तिला फोन करून सगळं सांगितलं.

‘काका, मला बाईंच्या टेबलावरची चित्रं बघूनच कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला मराठी येत नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.’

‘मग बाईंसमोर बोलली का नाहीस?’

‘तुमचा चेहरा बघितला ना.’ ती हसली, मग थांबली. ‘पण वर्ष माझं गेलं, काका. आई अजून म्हणते, तूच काहीतरी भलतं सांगितलं असशील. तिला सांगा.’

तिची आई अजून त्याच गल्लीत राहते. हल्ली ऐकू अजिबात येत नाही, पण देवनागरी लिहिलेलं घडघडा वाचते. म्हणून हे सगळं मराठीत लिहिलं आहे. वहिनी, तुमच्या मुलीनं कोळीच सांगितला होता. तुरा माझा.