वहिनी, बाई आणि टकळीचं वाचन

माझ्या वहिनीला लोक तापट म्हणतात. तसं काही नाही. ती उगाच मान खाली घालत नाही, एवढंच, आणि बाईनं मान खाली घातली नाही की लोकांनाच ताप चढतो. मी तिची नणंद, म्हणजे तिच्याविषयी वाकडं बोलायचा पहिला हक्क माझा. तो मी एरवी पुरेपूर बजावते. पण त्या वर्षी शाळेत जे झालं ते मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय, त्यामुळे खरं तेच सांगणार.

आमचं घर दोन खोल्यांचं. भाऊ मालाचा ट्रक चालवतो आणि घरी पाहुण्यासारखा येतो. वहिनी घरीच शिवणकाम करते. दुकानदार कापलेल्या कापडाचे गठ्ठे आणून टाकतो, ती त्यांचे अभ्रे, पडदे, शाळेचे गणवेश शिवून देते. सुईवर उजेड पडावा म्हणून मशीन खिडकीला टेकवून ठेवलेलं, त्यामुळे कामाला बसली की तिची पाठ सगळ्या खोलीकडे. मी औषधांच्या दुकानात दुपारपाळीला असते, संध्याकाळी घरात फक्त त्या दोघी, वहिनी आणि आमची टकळी.

टकळी म्हणजे माझी भाची, तेव्हा दुसरीत. झोपेतसुद्धा बडबडते म्हणून हे नाव मीच ठेवलं. रोज संध्याकाळी ती मशीनमागे चटईवर पुस्तक उघडून बसायची आणि मोठ्यानं वाचायची. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून वाचायची. जरा अडखळली की मशीन थांबायचं, वहिनी मागे न बघताच "पुढे?" म्हणायची, की गाडी पुन्हा सुरू. कितीही काम असो, हा नेम वहिनीनं कधी मोडला नाही. आमची धडाधड वाचते, असं ती शेजारणींना सांगायची आणि त्यांच्या पोटात दुखायचं.

म्हणून सहामाहीनंतर शाळेतून बोलावणं आलं तेव्हा आम्हाला वाटलं, कौतुकच असणार. वहिनीनं मला सोबत घेतलं. टकळीला नवी रिबीन बांधली.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. त्यांच्या खोलीत टकळीच्या वर्गाच्या बाईही बसल्या होत्या, तरण्या, खडूनं पांढरी झालेली बोटं पदराआड लपवत. मोठ्या बाईंनी फार वेळ घेतला नाही. म्हणाल्या, मुलीला वाचता येत नाही, पेपर कोराच होता, पुढच्या वर्षी तिला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल. आणि मग ते नेहमीचं, की आम्ही शाळेत कितीही केलं तरी घरी कुणी लक्ष देत नाही, पालकांना वेळ नसतो, त्याला शाळा काय करणार.

वहिनीच्या अंगाची लाही झाली. ती म्हणाली, रोज वाचून घेते मी, एक दिवस चुकला असेल तर सांगा.

बाईंनी पुस्तक उघडून टकळीसमोर ठेवलं. विहिरीतल्या बेडकाचा धडा होता. टकळीनं एका दमात म्हणून दाखवला, पान उलटायच्या जागी पानही उलटलं. वहिनीनं मोठ्या बाईंकडे असं पाहिलं की मलाच जरा खाली बघावंसं वाटलं. पण बाई उठल्या. भिंतीवरच्या फळ्यावर त्यांनी खडूनं एक साधं वाक्य लिहिलं. बेडूक, विहीर, पाणी, शब्द सगळे त्याच धड्यातले, फक्त वाक्य नवं. टकळीनं फळ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. आणि गप्प बसणं तिच्या रक्तातच नाही, म्हणून ठणठणीत आवाजात म्हणाली, "माझी आई मशीनवर पडदे शिवते."

कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं. पोरीनं अख्खं पुस्तक कानानं गिळलं होतं. चित्र दिसलं की धडा सुरू, एवढंच तिचं वाचन.

मोठ्या बाई म्हणाल्या, आता पाहिलंत ना. दुसरी कुणी असती तर नाक मुठीत धरून घरी आली असती. वहिनीचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला. तिला फार लागलं होतं. पण ती बाकावरून हलली नाही.

"पाहिलं," ती म्हणाली. "मी तिच्याकडे पाठ करून बसते, म्हणून मला कळलं नाही. ती माझी चूक, मी नाही म्हणत नाही. पण घरी तिला हे पुस्तक कुणी वाचून दाखवलेलं नाही. ती हे शिकली कुठे?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बाई एक ओळ वाचणार, सगळा वर्ग एका सुरात तीच ओळ ओरडणार, मग पुढची. रस्त्यावरून जाताना आम्हीही ऐकायचो आणि वाटायचं, काय छान शिकवतात. त्या आरड्याओरड्यात कुणाचे डोळे पुस्तकात आहेत आणि कुणाचे छताला लागलेत, हे कोण बघणार? बाईंना राग आला. वर्ग किती भरलेला असतो, तुम्ही एकदा उभं राहून बघा, असं त्या म्हणाल्या. वहिनी म्हणाली, माझ्या घरीही गठ्ठे छताला लागतात, तुम्ही एकदा बसून बघा. मला वाटलं आता झिंज्या धरतात.

मग वहिनीनं सरळच सांगितलं. पोरीला मागे बसवायला माझा होकार नाही. तिनं काही कमी केलेलं नाही, आपण नुसतं ऐकत होतो, म्हणून तिनं नुसतं ऐकवलं. चूक दोघींची आहे, ती दोघींनी निस्तरायची. वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ द्या. मोठ्या बाईंनी कपाळावर आठ्या घातल्या आणि "बघू" म्हणाल्या. त्यांचं "बघू" म्हणजे नाहीच असतं, पण वहिनीनं ते हो धरलं.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते मशीन फिरवायचं. मी आणि तिनं ते ओढून, खिडकीकडे पाठ आणि खोलीकडे तोंड असं लावलं. आता समोर चटई आणि चटईवर टकळी. पण उजेड पाठीमागून आला की स्वतःचीच सावली सुईवर पडते. पहिल्याच आठवड्यात सुया मोडल्या, शिवणी वाकड्या गेल्या, दुकानदार अभ्रे परत घेऊन आला आणि दारात उभा राहून नको ते बोलला. वहिनीनं ते उसवून पुन्हा शिवले. मशीन मात्र परत फिरवलं नाही.

टकळीला हे सगळं अजिबात पटलेलं नव्हतं. धड्याचं पुस्तक काढून घेतलेलं, हातात येईल ते वाचायचं: साबणाचा पुडा, माझ्या दुकानातलं औषधाचं खोकं, बसची पाटी. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं आणि बोट पुढे गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकदा मी सुट्टीवर घरी असताना तिनं खोकं भिरकावलं आणि हमसाहमशी रडली. "आधी मला सगळं येत होतं," ती म्हणाली, "आता काहीच येत नाही." वहिनीनं तिला जवळ घेतलं नाही. खोकं उचलून आणलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. तेव्हा मला वहिनीचा खूप राग आला होता, आणि रात्रीचे तिचे लाल डोळे बघून तो गेला.

आणि बाई? त्यांनी वर्गातला तो कोरस बंद केला. रोज एकेका मुलाला जवळ बोलावून एकच ओळ वाचायला लावायची, तीही पुस्तकाबाहेरची. टकळीसारखी आणखी बरीच पोरं सापडली म्हणे, मागच्या बाकांवरची नव्हेत, चांगली पहिल्या बाकावरची. एकाला जवळ घेतलं की बाकीची वर्ग डोक्यावर घेणार. शेजारच्या वर्गातून तक्रारी गेल्या, मोठ्या बाईंनी बाईंना झापलं. हे आम्हाला बाईंनी नाही सांगितलं, टकळीनं सांगितलं. तिच्यापासून शाळेतलं काही लपत नाही.

वहिनी आणि बाईंची मैत्री झाली असं समजू नका. शाळा सुटताना फाटकाशी रोज तोंडाला तोंड. बाई म्हणायच्या, घरी तुम्ही तिला फार घाई करता, जोडाक्षराला ती भिते. वहिनी म्हणायची, परवा तुम्ही तिला वाचायला घेतलंच नाही. बाई म्हणायच्या, परवा मला ताप होता. वहिनी म्हणायची, मग निरोप पाठवायचा, मी घरी दोन ओळी जास्त घेतल्या असत्या. भांडत भांडत दोघी एकमेकींना रोजचा हिशेब द्यायच्या आणि निरोप न घेता आपापल्या वाटेनं जायच्या.

वार्षिक परीक्षेनंतर पुन्हा मोठ्या बाईंची खोली. टकळीचा पेपर या वेळी कोरा नव्हता, पण अर्धाच झाला होता. मोठ्या बाईंनी कपाटातून गोष्टीचं एक पुस्तक काढलं, आम्ही कुणी कधी न पाहिलेलं, आणि मधलंच पान उघडून दिलं. चित्र नव्हतं. टकळीनं बोट ठेवलं. "म्हा... ता... री... नं... दि... वा..." असं चाललं होतं. मग "विझवल्यावर" आला. ती अडली. माझे ओठ हलायला लागले, वहिनीनं माझा हात दाबला. बाईंनीही तोंड उघडून मिटलं. टकळीनं शब्दाचे तुकडे केले, उलटे लावले, पुन्हा सुलटे लावले, आणि "विझवल्यावर" म्हणून सरळ पुढे गेली. पान संपेस्तोवर ती स्वतःहून एक अक्षरही जास्त बोलली नाही. आमची टकळी.

मोठ्या बाई म्हणाल्या, प्रगती आहे, मान्य आहे. पण वेग नाही. तिसरीत ही टिकणार नाही, मागेच पडेल, तिच्याच भल्यासाठी एक वर्ष दुसरीत राहू दे. आवाज इतका गोड की नाही म्हणणारा वाईट ठरावा. वहिनी बोलायला पुढे झुकली.

पण त्याआधी बाई बोलल्या. त्या मोठ्या बाईंच्या शेजारी, टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. "वेग नाही कारण खरं वाचन तिनं सहामाहीनंतर सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "त्याआधीचे महिने माझे वाया गेलेत, तिचे नाही. तिला मागे ठेवायचं तर मला पण ठेवा, आणि कागदावर माझंही नाव लिहा."

नोकरी नवी होती त्यांची. वहिनी बाकावर थोडी सरकली आणि शेजारी हात ठेवून जागा दाखवली. बाई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून येऊन तिथे बसल्या.

मोठ्या बाईंनी पेन मिटलं. शेवटी म्हणाल्या, बरं, जाऊ दे तिसरीत. पण पुढच्या वर्षी जमलं नाही तर मी कुणाला बोलवायचं, तेवढं आत्ताच सांगा.

"दोघींना," वहिनी म्हणाली. "मला एकटीला बोलावलंत तर मी येणार नाही."